डीएनएच्या दोन पेडांवरचे बाण उलटसुलट का? आणि एका पेडाची नक्कल तुकड्यातुकड्यांनी का?

खडूफळा

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. यंदा डीएनएचं मॉडेल आयतं न आणता स्वतः करायला घेतलं आहे. प्रमाण सोपं ठेवलं, १ अँगस्ट्रॉमला १ सेंटिमीटर. त्यामुळे गोफाची जाडी २० सेंटिमीटर, दोन पायऱ्यांमधलं अंतर ३.४ सेंटिमीटर आणि दहा पायऱ्यांचा एक वेढा ३४ सेंटिमीटरचा. असे दोन वेढे. कडेचे पेड जाड तारेचे, पायऱ्या पुठ्ठ्याच्या. अ‍ॅडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. ए, टी, जी, सी ही या चार बेसची अक्षरं.

तारांवर लाल रंगाने बाण काढले. एकीवर वर जाणारे, दुसरीवर खाली येणारे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, दोन्हीकडे वर जाणारेच काढले तर काय बिघडेल?" मी नेहमीचं उत्तर दिलं, की डीएनएचे पेड प्रतिसमांतर असतात. ती म्हणाली, "ते नाव झालं. कारण काय?"

मला सांगता आलं नाही. बावीस वर्षं शिकवतेय, आणि हे मी आजवर नावावरच निभावून नेलं हे त्या क्षणी कळलं. मग त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न माझा मलाच पडला. नक्कल होताना एका पेडाची प्रत सलग होते आणि दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी, कारण नवा पेड जोडत नेणारं एन्झाइम, डीएनए पॉलिमरेझ, फक्त पाच-प्राइमकडून तीन-प्राइमकडे (पेडाच्या दोन टोकांची ही नावं) जातं. का जातं? एवढ्या करामती करणाऱ्या पेशीला उलट दिशेने चालणारं एक एन्झाइम करता आलं नसतं? तुकडे पाडायचे, मग ते सांधायचे, हा खटाटोप कशासाठी?

परीक्षेपुरतं उत्तर नको आहे. सोमवारी त्या मुलीच्या डोळ्यांत बघून सांगता येईल असं हवं आहे.

शोधयात्री

साखळीच्या तीन-प्राइम टोकाला मोकळा हायड्रॉक्सिल गट असतो. पॉलिमरेझ पुढचा न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखळीचा पुढचा मणी, फक्त त्यालाच जोडू शकतं. पाच-प्राइम टोकाला तो गट त्या जागी नाही, म्हणून तिकडे वाढ होत नाही. दिशा एकच उरते, आणि पेड उलटसुलट असल्यामुळे एकाची नक्कल तुकड्यांनी करावी लागते.

खडूफळा

आभारी आहे. मी वर्गात हेच सांगत आले आहे. पण यात पॉलिमरेझ तसं आहे म्हणून तसं चालतं, एवढंच हाती लागतं. ती मुलगी पुन्हा "कारण काय?" म्हणेल.

नारंगीथेंब

ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी अकरा वर्षं डीएनए तयार करणाऱ्या मशीनवर काम केलं. चार बाटल्यांत चार अक्षरं, आणि संशोधक मागतील त्या क्रमाने ती एकेक जोडत जायची. ते मशीन साखळी उलट्या दिशेने वाढवतं, तीन-प्राइमकडून पाच-प्राइमकडे. त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामातच होता. पण आधी पहिला.

तुमच्या तारेवरचा बाण ही रंगाने काढलेली खूण आहे, तिथे खरं तर एक वाकडा तुकडा बसायला हवा. प्रत्येक पायरीच्या टोकाला एक साखर आहे, पाच कार्बनची. पहिल्या कार्बनवर बेस, पाचव्यावर फॉस्फेट, तिसऱ्यावर पुढच्या फॉस्फेटला धरणारा ऑक्सिजन. ही साखर वरून आणि खालून सारखी दिसत नाही. एकामागोमाग एक रचली की साखळीची दोन टोकं वेगळी होतात, एक पाचव्या कार्बनाचं, एक तिसऱ्याचं. बाणाचा अर्थ एवढाच, की साखरेचं तोंड कुठे आहे. बाणांऐवजी पुठ्ठ्याचे पंचकोन चिकटवा आणि कड्यातल्या ऑक्सिजनच्या जागी एक ठिपका द्या. एका तारेवर सगळे ठिपके वर, दुसरीवर खाली.

आता हे उलटसुलट का. तुमची एक ए-टी पायरी हातात घ्या आणि वहीचं पान उलटतो तशी उलटा. डावं टोक उजवीकडे गेलं, वरची बाजू खाली गेली. तरीही पायरीची दोन टोकं, म्हणजे साखरेला जिथे ती जोडली जाते त्या जागा, पुन्हा होत्या तिथेच, त्याच कोनात बसतात. जी-सी पायरीचंही तसंच, आणि दोन्ही पायऱ्यांची लांबी सारखी, साखरेपासून साखरेपर्यंत साधारण साडेदहा अँगस्ट्रॉम. म्हणून ए-टी, टी-ए, जी-सी, सी-जी हे चारही प्रकार एकाच मापाच्या चौकटीत बसतात. अक्षरांचा क्रम कसाही असो, कडेची तार कुठे फुगत नाही, कुठे आत दबत नाही. माहिती साठवणाऱ्या रेणूला हेच तर हवं.

पण पान उलटताना डावीकडची साखर उजवीकडे गेली, आणि तिचं तोंड वर होतं ते खाली झालं. चारही पायऱ्या एका चौकटीत बसायच्या तर उजव्या पेडाचं तोंड डाव्याच्या उलटच असायला हवं. दोन्ही तोंडं वर ठेवली, तर बेसना एकमेकांना वेगळ्या कडेने धरावं लागतं. मग ए-टी आणि जी-सीचा आकार सारखा राहत नाही आणि प्रत्येक पायरीला तार वेडीवाकडी होते. समांतर पेडांचा डीएनए प्रयोगशाळेत खास क्रम निवडून करता येतो, मात्र कुठलाही क्रम बिनतक्रार सामावून घेणं त्याला जमत नाही. तुमच्या विद्यार्थिनीला हे शब्दांत सांगू नका. पुठ्ठा आणि कात्री तिच्या हातात द्या.

शोधही याच वाटेने लागला, हे मला फार मोलाचं वाटतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग डीएनएच्या तंतूंवर क्ष-किरण टाकून छायाचित्रं घेत होते. दमट हवेत तंतूचं एक रूप दिसतं, कोरड्या हवेत दुसरं. दमट रूपाचं १९५२ च्या मे महिन्यातलं छायाचित्र, ५१ क्रमांकाचं, सगळ्यांना माहीत असतं. त्यातली फुली सर्पिलाची ग्वाही देते. पण बाणांचा पुरावा आला कोरड्या रूपातून. फ्रँकलिन यांनी मोजून दाखवलं होतं, की हा स्फटिक एका अक्षाभोवती अर्धा फिरवला तरी जसाच्या तसा राहतो. हे माप किंग्जच्या एका अहवालात होतं. तो अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत १९५३ च्या फेब्रुवारीत केंब्रिजला फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती पडला. क्रिक स्वतः हिमोग्लोबिनवर काम करत होते आणि त्या स्फटिकातही हीच सममिती होती, त्यामुळे त्यांच्या चटकन लक्षात आलं: अर्धा फिरवून तसाच राहतो, तर एक पेड वर जातोय आणि दुसरा खाली येतोय.

फॉस्फेट बाहेरच्या बाजूला असणार हेही फ्रँकलिन यांनी १९५१ मध्येच सांगितलं होतं. तेव्हा वॉटसन आणि क्रिक यांनी तीन पेडांचं, फॉस्फेट आत ठेवलेलं मॉडेल केलं होतं, ते चुकीचं निघालं. मला राग येतो तो या गोष्टीचा, की फ्रँकलिन यांच्या नावापुढे अजूनही फक्त एक छायाचित्र लिहिलं जातं. मोजमाप त्यांचं होतं. त्या १६ एप्रिल १९५८ रोजी वारल्या, सदतिसाव्या वर्षी. नोबेल १९६२ साली वॉटसन, क्रिक आणि मॉरिस विल्किन्स यांना मिळालं.

पुठ्ठ्याचाही इतिहास आहे, ताई. बेसच्या धातूच्या पट्ट्या कार्यशाळेतून वेळेवर मिळाल्या नाहीत म्हणून जेम्स वॉटसन यांनी पुठ्ठ्याचे बेस कापले. त्याआधी जेरी डोनाह्यू यांनी त्यांना सांगितलं होतं, की पुस्तकांत ग्वानीन आणि थायमीनचे हायड्रोजन चुकीच्या जागी दाखवलेत. ते दुरुस्त करून २८ फेब्रुवारी १९५३ च्या सकाळी टेबलावर तुकडे सरकवताना ए-टी आणि जी-सी या दोन जोड्या एकाच आकाराच्या निघाल्या. ए जेवढा तेवढाच टी, जी जेवढा तेवढाच सी, हे अर्विन शारगाफ यांनी आधी मोजून ठेवलेलं होतं. त्याचं कारण तिथे टेबलावर दिसलं.

आता तुमचा प्रश्न.

पेशीत जोडायला येणारा प्रत्येक न्यूक्लिओटाइड पाच-प्राइम बाजूला तीन फॉस्फेट घेऊन येतो. जोडणीची ऊर्जा त्या तीन फॉस्फेटांत असते. साखळीच्या तीन-प्राइम टोकाचा हायड्रॉक्सिल पहिल्या फॉस्फेटला धरतो, उरलेले दोन सुटतात, जोडणी पक्की. म्हणजे येणारा पाहुणा स्वतःची शिदोरी बांधूनच येतो. साखळीला काही द्यावं लागत नाही.

समजा चुकीचं अक्षर बसलं. पॉलिमरेझला एक दुसरी जागाही असते, खोडण्याची. तुमच्या प्रमाणात हातभर अंतरावर. चुकीचं अक्षर नीट जुळत नाही, टोक सैल होतं, त्या जागेत सरकतं आणि शेवटचं अक्षर कापलं जातं. मागे काय उरलं? पुन्हा तीन-प्राइमचा तोच हायड्रॉक्सिल. पुढचा पाहुणा पुन्हा आपली शिदोरी घेऊन येतो. काम अडत नाही.

आता हाच माल घेऊन उलट दिशेने चालणारं एन्झाइम डोळ्यांसमोर आणा. वाढणारं टोक पाच-प्राइमचं, म्हणजे तीन फॉस्फेट साखळीच्या टोकावर. येणारा आपली शिदोरी पुढच्या जोडणीसाठी राखून ठेवतो आणि या जोडणीची ऊर्जा साखळी देते. जोडणी होईल, यात शंका नाही. पण चूक झाली आणि ते अक्षर कापलं, की तिन्ही फॉस्फेट त्याच्याबरोबर गेले. मागे उरलेल्या टोकाकडे काहीच नाही. साखळी तिथेच खुंटली. खोडलं की लिहिणं बंद. म्हणून बहुतेक जण जे स्पष्टीकरण मानतात ते असं: दिशा एकच आहे, कारण त्याच दिशेने लिहिता लिहिता खोडता येतं. तुकडे पाडून सांधण्याचा खटाटोप ही त्या खोडण्याची किंमत आहे.

माझं मशीन उलटं चालायचं, म्हणजे उलटी दिशा रसायनशास्त्राला वर्ज्य नाही. तिथल्या अक्षरांना तीन-प्राइम बाजूला क्रियाशील फॉस्फरस लावलेला असतो, म्हणून जमतं. मात्र त्याला खोडता येत नाही. दर फेरीत आम्ल सोडून टोकावरचं झाकण काढायचं. झाकण सुटलं की नळीतून नारंगी रंगाचा द्राव येतो, आणि त्या नारंगीच्या गडदपणावरून किती साखळ्या अजून वाढत आहेत ते कळतं. मी मापकाच्या आकड्याआधी त्या रंगाकडे बघायचो. एकदा सॉल्व्हंटमध्ये ओल शिरली. दहाव्या फेरीला नारंगी फिकट झाला, पंधराव्याला जेमतेम पिवळसर उरला, आणि त्या दिवसाचं सगळं काम टाकून द्यावं लागलं. जी साखळी एका फेरीला चुकली ती दुरुस्त करता येत नाही, फक्त तिचं टोक कायमचं बंद करून टाकतात, म्हणजे ती एक अक्षर गाळून पुढे वाढत नाही. दर फेरी ९९ टक्के यशस्वी झाली तरी शंभर फेऱ्यांनंतर शंभरातल्या ३७ साखळ्याच पूर्ण निघतात. ९८ टक्के असेल तर १३. त्यामुळे दोनशे अक्षरांच्या आसपास अशा मशीनचा दम संपतो.

आता पेशीचं बघा, तुमच्याच प्रमाणात. पॉलिमरेझने नुसतं अक्षर निवडलं तर चूक साधारण लाखात एक, म्हणजे ३.४ किलोमीटर जिन्यात एक पायरी चुकीची. लिहिता लिहिता खोडलं की ३४० किलोमीटरला एक. त्यानंतर मागून तपासत येणारी दुरुस्तीची एन्झाइमं असतात, ती धरली की ३४,००० किलोमीटरला एक. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे. आणि तुमच्या प्रमाणात माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए दोन लाख किलोमीटरहून जास्त भरेल, तोही ६०० मीटर रुंदीच्या केंद्रकात. ही गणितं मी पुन्हा पुन्हा करून बघितली आहेत. दर वेळी माझी ती पंधरावी फेरी आठवते.

तुकड्यांचं थोडक्यात. दुसऱ्या पेडावर गोफ जसजसा उकलतो तसतशी नवी सुरुवात करावी लागते. प्रत्येक सुरुवात आरएनएच्या छोट्या तुकड्याने, म्हणजे प्रायमरने होते, जीवाणूत साधारण दहा-बारा अक्षरांच्या. म्हणजे तुमच्या मॉडेलचा अर्धाअधिक भाग. आरएनएच का, याचंही उत्तर खोडण्याशीच जुळतं. शून्यातून सुरू करताना मागे नीट जुळलेलं काही नसतं, म्हणून ती सुरुवात बिनचूक असेलच असं नाही. ती वेगळ्या शाईत लिहिली, तर नंतर ओळखून काढून टाकता येते आणि त्या जागी डीएनए भरता येतो. मग लायगेझ दोन तुकडे सांधतं. जीवाणूत हे तुकडे एक ते दोन हजार अक्षरांचे, आपल्या पेशींत शंभर ते दोनशेचे.

हे शोधलं नागोया विद्यापीठात, रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने. वाढणाऱ्या जीवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडीन द्यायचं आणि लगेच थांबवायचं. एवढ्या थोड्या वेळात तयार झालेला डीएनए लहान तुकड्यांत सापडला. लायगेझ बिघडलेल्या विषाणूंत तर तुकडे तसेच साठून राहिले. १९६८ साली हे प्रसिद्ध झालं. रेइजी हिरोशिमाचे होते, बॉम्बचा किरणोत्सार त्यांनी भोगलेला होता. १९७५ साली ल्युकेमियाने ते गेले. प्रायमरचं पुढचं काम त्सुनेको यांनी चालू ठेवलं.

मॉडेलसाठी दोन सूचना. गोफ उजव्या पिळाचा आहे ना बघा. उजव्या हाताचा अंगठा वर धरला की बोटं ज्या बाजूने वळतात, त्याच बाजूने तार वर चढायला हवी. छापील चित्रांत डाव्या पिळाचे डीएनए सर्रास दिसतात. आणि जी-सीमध्ये तीन हायड्रोजन बंध दाखवा. १९५३ च्या आकृतीत दोनच होते, तिसरा १९५६ मध्ये पॉलिंग आणि कोरी यांनी दाखवला. पाण्यात वेढ्याला दहाऐवजी साडेदहा पायऱ्या पडतात, पण तुमचे दहा तसेच राहू द्या.

खडूफळा

हे मी दोनदा वाचलं, मग कात्री घेऊन बसले. पान उलटल्यासारखी पायरी उलटली आणि टोकं खरोखर त्याच जागी आली. दोन्ही ठिपके वर ठेवून जी-सी बसवायला गेले तर तार जवळजवळ अडीच सेंटिमीटर आत ओढली गेली. पुठ्ठ्याचं माप कच्चं असेल, पण मुद्दा हाताला कळला. पीळही तपासला. माझा डावा होता. सगळी तार सोडून परत वळली.

वळताना एक नवीन अडचण दिसली. दोन जाड दोरे एकमेकांभोवती घट्ट पिळले, एक टोक खिळ्याला बांधलं आणि मोकळ्या टोकाकडून दोन्ही दोरे दोन बाजूंना ओढले. थोडं उकललं. मग पुढचा भाग इतका आवळला की दोऱ्याची आपोआप गाठ पडायला लागली आणि पुढे सरकेना. पेशीत तर दोन लाख किलोमीटर आहे म्हणता! तिथे गाठ कशी पडत नाही?

उतरंड

ताई, तुमच्या दोऱ्याने जे केलं तोच आक्षेप मॅक्स डेलब्रुक यांनी १९५४ साली लेखी घेतला होता. पेड एकमेकांत गुंतलेले, मग ते सुटणार कसे? त्यांनी सुचवलं, की डीएनए जागोजागी तुटत आणि जुळत असावा. नक्कल कशी होते याबद्दलचा त्यांचा अंदाज चुकला. तुटण्या-जुळण्याची कल्पना मात्र वेगळ्या रूपात खरी निघाली.

जीवाणूत नकलेचं तोंड सेकंदाला सुमारे हजार पायऱ्या उकलत जातं. तुमच्या प्रमाणात ताशी १२० किलोमीटर. साडेदहा पायऱ्यांना एक वेढा धरला तर सेकंदाला जवळपास शंभर वेढे पुढे ढकलले जातात. ते सोडवणारी एन्झाइमं म्हणजे टोपोआयसोमरेझ. पहिलं जेम्स वँग यांना १९७१ मध्ये सापडलं. काही टोपोआयसोमरेझ एक पेड कापतात, पीळ सुटू देतात आणि पुन्हा जोडतात. काही दोन्ही पेड कापून त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेतात आणि मग फट बुजवतात. कापलेलं टोक एन्झाइमने स्वतःच धरून ठेवलेलं असतं, म्हणून ते हरवत नाही. जीवाणूंतलं जायरेझ तर पुढचा भाग आधीच उलट्या बाजूने पिळून सैल ठेवतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक त्याच जायरेझवर वार करतं.

वर्गात दाखवायचं असेल तर खिळ्याजवळ एक दोरा कात्रीने कापा. गाठ कशी झर्रकन फिरून सुटते ते बघू द्या.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. पॉलिमरेझची, तुकड्यांची चर्चा झाली, पण प्रत्येक नव्या गोफात एक पेड जुना आणि एक नवा असतो हे कशावरून? मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये ते दाखवलं. जीवाणू जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५ वर, पिढ्यान् पिढ्या वाढवले आणि मग अचानक साध्या नायट्रोजनवर आणले. डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात घालून मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांच्या वेगाने २० तास फिरवला. फिरताना द्रावण तळाकडे दाट आणि वर विरळ होतं, आणि डीएनए आपल्या घनतेच्या पातळीवर पट्टा होऊन थांबतो.

एका पिढीनंतर एकच पट्टा, जड आणि हलक्याच्या नेमका मधोमध. जुना गोफ अख्खा राहून नवा अख्खा बनत असता, तर दोन पट्टे दिसले असते. ती शक्यता तिथेच संपली. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे, एक मधला, एक हलका, सारख्याच प्रमाणात. डेलब्रुक यांच्या अंदाजाप्रमाणे जुने-नवे तुकडे सगळीकडे विखुरत असते, तर पट्टा एकच राहून हळूहळू वर सरकला असता. आणि मधल्या पट्ट्यातला डीएनए तापवून पेड सुटे केले, तर एक जड निघाला, एक हलका.

मी विद्यार्थी असताना हेच द्रावण वापरून प्लाझमिड, म्हणजे जीवाणूंतली डीएनएची छोटी वर्तुळं, वेगळे करायचो. रात्रभर सेंट्रिफ्यूज घरघरत राहायचं. सकाळी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली नळी धरली की दोन तांबूस पट्टे तरंगताना दिसत. वरचा पट्टा तुटलेल्या, सैल डीएनएचा. खालचा अखंड वर्तुळांचा, ताई, तुमच्या दोऱ्यासारखा पिळावर पीळ बसलेला. सुई टोचून तोच काढून घ्यायचा. नळी हातात असताना श्वास घ्यायचंही भान राहायचं नाही.

खडूफळा

सोमवार झाला. बाणांच्या जागी पंचकोन लावले. पायरी उलटायचं काम त्या मुलीलाच दिलं. तिने ए-टी उलटली, जी-सी उलटली, मग टी-एच्या जागी सी-जी बसवून बघितली. काही बोलली नाही. मग शेजारणीला पुन्हा सगळं करून दाखवलं. दोरा कापला तेव्हा मागची सगळी बाकं पुढे आली.

तास संपता संपता ती मॉडेलच्या खालच्या टोकाशी उभी होती. म्हणाली, "मॅडम, तुकड्यांच्या पेडावर अगदी शेवटचा प्रायमर काढला, तर त्या जागी डीएनए कोण भरणार? भरायला मागे टोकच नाही." मी या वेळी नाव सांगितलं नाही. उद्या सांगते म्हटलं.

नारंगीथेंब

तिने बरोबर जागी बोट ठेवलं आहे. कोणीच भरत नाही. तेवढा भाग प्रत्येक नकलेत कमी होतो. जीवाणूंचा डीएनए बहुधा वर्तुळाकार असतो, त्याला टोकच नाही, म्हणून तिथे हा पेच येत नाही. आपली गुणसूत्रं सरळ आहेत. त्यांच्या टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा तीच ती लिहिलेली असतात. टेलोमिअर म्हणतात ते हेच. झिजतं ते हे, कामाची जनुकं आत सुरक्षित राहतात. काही पेशींत हा भाग पुन्हा वाढवणारं टेलोमरेझ असतं. ते एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांनी टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात शोधलं. २००९ चं नोबेल या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. टेलोमरेझ आपल्याबरोबर आरएनएचा एक तुकडा बाळगतं आणि त्यावर बघून अक्षरं लिहितं.

तेही तीन-प्राइम टोकालाच जोडतं. हे मात्र तिला आधी सांगू नका, मॉडेलपाशी उभं करून विचारा.